हिवाळ्यातली कॅम्परव्हॅन : आधी मुक्काम ठरवा, रस्ता मागाहून

आमच्या पहिल्या हिवाळी सहलीत मुक्कामाला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा, गावाबाहेरचा एक मोफत तळ. हेडलाइटच्या उजेडात हिरवळ सपाट वाटली म्हणून नवऱ्याने कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, वर घेतली, आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. वर गोठलेलं गवत, खाली चिखल. पाच वर्षांचा धाकटा भुकेने रडवेला झालेला, माझी आई मागच्या सीटवर शाल घट्ट धरून बसलेली. शेजारच्या गाडीतल्या एका आजोबांनी दोरी लावून आम्हाला ओढून काढेपर्यंत आठ वाजले. त्या रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड आणि लोणचं.

पुढच्या दोन हिवाळी सहलींत अशी वेळ आली नाही. कारण एकच. पूर्वी आम्ही रस्ता आखायचो आणि रात्र होईल तिथे मुक्काम शोधायचो. आता आधी मुक्काम ठरतात आणि रस्ता त्यांच्यामागून येतो. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा पहिली पद्धत चालून जाते. जुलैत चालत नाही.

हा लेख ऑकलंडहून निघून दक्षिण बेटापर्यंत जाणाऱ्या कुटुंबासाठी आहे. भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील तर त्यांचाही विचार यात केलेला आहे. पुण्या-मुंबईत पावसाळा सुरू झाला की पुष्कळांचे आईवडील इकडे येतात, आणि नेमका तोच इथला सर्वांत थंड काळ असतो.

दिवसाचं गणित उलटं मांडा

जुलैच्या सुरुवातीला दक्षिण बेटाच्या मध्यभागात उजाडायला सकाळचे आठ वाजून जातात आणि पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. हातात नऊ तास. सकाळी दहापर्यंत पुलांवर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर रस्त्याला बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असू शकतो. त्याला इथे 'ब्लॅक आइस' म्हणतात. डांबर फक्त ओलं झाल्यासारखं दिसतं, म्हणून तो फसवतो. संध्याकाळी चारनंतर तोच थर पुन्हा धरू लागतो. म्हणजे निर्धास्तपणे गाडी चालवायला मिळतात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, एवढेच साडेपाच तास. त्यातून जेवणाचा तास, मुलांच्या शू-शीच्या फेऱ्या आणि प्रत्येक तळ्यापाशी 'आई, थांब ना' वजा करा. उरतात साडेतीन तास.

साडेतीन तासांत कॅम्परव्हॅन किती जाते? नकाशाचं अॅप छोट्या गाडीच्या हिशेबाने वेळ सांगतं. मोठी व्हॅन चढणीला दमते, एकेरी पुलांवर थांबते आणि मागे रांग लागली की बाजूला होऊन वाट देते, आणि तशी वाट द्यायलाच हवी. अॅपच्या वेळेत पाव हिस्सा वाढवा. आमच्या अनुभवात लहान मुलं असतील तर दिवसाला २०० किलोमीटर पुरेत. उत्तर बेटाच्या सरळ रस्त्यावर एखाद्या दिवशी २८० चालतील, पण लागोपाठ दोन दिवस नकोत.

म्हणून रोजची आखणी शेवटाकडून करा. मुक्कामावर साडेतीनला पोचायचं, तर शेवटचा टप्पा दोनला सुरू व्हायला हवा. मग जेवण बारा-साडेबाराला, मग सकाळी निघणं दहाला. दहाला निघायचं असेल तर मुलांना सातला उठवायची घाई नाही, हा हिवाळ्याचा फायदाच म्हणायचा.

पंधरा रात्रींचा आराखडा

२०२६ मध्ये शाळांची हिवाळी सुट्टी ४ ते १९ जुलै आहे. म्हणजे पंधरा रात्री. त्यांपैकी चौदाच मांडा. पंधरावी मोकळी ठेवा, ती हवामानाची.

पहिल्या दिवशी लांब जायचा मोह आवरा. भाड्याची गाडी ताब्यात घेणं, ती कशी चालते ते समजून घेणं, सामान लावणं आणि भारतीय दुकानातून किराणा भरणं यात दुपार होते. पहिली रात्र केंब्रिजला, जेमतेम दीड तासावर. काय विसरलं ते त्याच रात्री कळतं आणि सकाळी गावातच विकत मिळतं. दुसरी टाउपोला. तिसऱ्या दिवशी डेझर्ट रोड लागतो. तिथे रस्ता १,०७४ मीटरपर्यंत चढतो आणि बर्फ पडलं की बंद होतो. तो भर दुपारी ओलांडून लेव्हिनला मुक्काम. चौथी रात्र वेलिंग्टनला. तिथलं 'ते पापा' नावाचं संग्रहालय मुलांना आणि आजीला सारखंच आवडतं, आणि सगळं छपराखाली. पाचव्या दिवशी सकाळची फेरी, म्हणजे गाडीसकट समुद्र ओलांडणारं जहाज, धरून दक्षिण बेटावरचं पिक्टन, मुक्काम जवळच्या ब्लेनिमला. सहावी कायकोरा, सातवी क्राइस्टचर्च.

इथवर, टाउपो सोडलं तर, सगळे मुक्काम समुद्रकाठी किंवा सखल भागात होते. आठव्या दिवसापासून खरी थंडी. क्राइस्टचर्चहून टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, उंची सुमारे ७१० मीटर. तिथे दोन रात्री. दहावी ट्वायझलला. अकराव्या दिवशी ९७१ मीटर उंचीची लिंडिस खिंड ओलांडून क्रॉमवेल. मग 'ते अनाऊ' या गावी दोन रात्री, आणि चौदावी क्वीन्सटाउनजवळ फ्रँकटनला. गाडी तिथेच परत करून विमानाने घरी. एका बाजूचं भाडं जास्त पडतं हे खरं, पण त्याच रस्त्याने हिवाळ्यात मुलांना घेऊन परत येण्याचे चार दिवस वाचतात. मला तो सौदा पटतो.

क्रॉमवेल मुद्दाम घातलंय. जुलैत स्की करणाऱ्यांमुळे क्वीन्सटाउन आणि वानाका भरलेली असतात आणि दर चढलेले असतात. क्रॉमवेलपासून दोन्ही तासाभरात येतात आणि जागा सहसा मिळते.

आरक्षण सगळ्या रात्रींचं करू नका. फेरीच्या आदली रात्र, शनिवार-रविवार आणि मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, सुट्टी एवढ्या रात्री आधी पक्क्या करा. मातारिकी २०२६ मध्ये शुक्रवारी, १० जुलैला आहे. तो जोडून आलेला शनिवार-रविवार सगळ्या देशाला फिरायला बाहेर काढतो. बाकीच्या रात्रींसाठी एक-दोन दिवस आधी रद्द केलं तरी पैसे परत देणाऱ्या जागाच घ्या. बर्फामुळे एक मुक्काम हलला की पुढचे तीन हलतात.

कुठे उतरायचं : तीन पर्याय आणि त्यांची लय

हॉलिडे पार्क म्हणजे वीज, गरम पाण्याचे शॉवर, सामायिक स्वयंपाकघर, कपडे वाळवायचं यंत्र, आणि बहुतेक ठिकाणी मुलांना बसायला उबदार खोली. डॉकचे तळ, म्हणजे सरकारच्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनचे, निसर्गाच्या अगदी कुशीत असतात. पण तिथे बहुधा वीज नसते आणि हिवाळ्यात नळ बंद असू शकतात. तिसरा प्रकार मोफत तळांचा, म्हणजे 'फ्रीडम कॅम्पिंग'चा. त्याचा कायदा २०११ चा, पण २०२३ मध्ये नियम कडक झाले. ज्या ठिकाणी फक्त 'सेल्फ-कंटेन्ड' गाड्यांना परवानगी आहे तिथे गाडीत कायम बसवलेलं शौचालय लागतं आणि काचेवर हिरवं प्रमाणपत्र लागतं. भाड्याची गाडी घेताना ते चिकटवलेलं आहे ना, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शिवाय प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे. तळावरचा फलक पूर्ण वाचा, कितीही थंडी असली तरी.

आमची लय अशी बसली आहे : दोन रात्री विजेच्या, मग फार तर एक बिनविजेची. टेकापोपासून पुढे सगळ्या विजेच्याच. हिवाळ्यात बिनविजेच्या लागोपाठ दोन रात्री मी लहान मुलं आणि वडीलधारं माणूस बरोबर असताना घेत नाही. त्याचं कारण पुढे बॅटरीच्या भागात आहे.

आई बरोबर असल्यामुळे आणखी एक गोष्ट शिकले. पार्कमध्ये जागा देताना 'स्वच्छतागृहाजवळची द्या' असं आधीच सांगायचं. रात्री दोन वाजता, उणे पाचात, दीडशे मीटर चालत जाणं सत्तरीच्या माणसाला शिक्षाच आहे. गाडीतलं शौचालय असलं तरी आईला ते रात्री वापरायला संकोच वाटतो, मुलं जागी होतील म्हणून. जागा शंभर पावलं जवळ मिळाली तर ती शांत झोपते.

गाडी नेमकी कुठे उभी करायची

हे कुठल्या माहितीपत्रकात मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, घराच्या दक्षिणेकडच्या ओट्यावर ऊन येतं. इथे सगळं उलट. दक्षिण गोलार्धात जुलैतला सूर्य ईशान्येला उगवतो, उत्तरेच्या आकाशात खालून फिरतो आणि वायव्येला मावळतो. म्हणून उतरण्याआधी फोनवरचं होकायंत्र काढा. तुमच्या उत्तरेला आणि ईशान्येला डोंगर किंवा उंच पाइनची रांग असेल तर सकाळी अकरापर्यंत ऊन लागणार नाही, काच वितळणार नाही, मुलं बाहेर पडणार नाहीत. ती जागा सोडा. ईशान्य मोकळी असलेली जागा बघा आणि गाडीचं तोंड तिकडे करा. पुढच्या काचेवरचं दव-बर्फ ऊनच काढून टाकतं. गरम पाणी ओतून काच साफ करू नका, तडा जातो.

दुसरं, थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत जाते. त्यामुळे दरीचा तळ, नदीकाठचा खळगा, ओढ्याशेजारची सुंदर जागा, हे सगळे रात्री थंडीचे हौद होतात. दहा-वीस मीटर वर सरकलात तरी सकाळी फरक कळतो. ओटागो प्रांताच्या अंतर्भागातल्या खोलगट प्रदेशात याच कारणाने थंडी साचते. देशातलं सर्वांत कमी तापमान, उणे २५.६ अंश, जुलै १९०३ मध्ये रॅनफर्लीजवळ नोंदलं गेलं ते याच भागात.

तिसरं, हिरवळ नको, खडी किंवा डांबर हवं. का ते सुरुवातीला सांगितलंच. चौथं, सकाळी निघताना मागे घ्यावी लागणार नाही अशी उभी करा, कारण मागची काच आणि मागचा कॅमेरा दोन्ही गोठलेले असतात.

ऊब, वीज, गॅस

गाडी भाड्याने घेताना पहिला प्रश्न हा विचारा : इंजिन बंद आणि बाहेरची वीज नसताना हीटर चालतो का? काही गाड्यांत फक्त विजेचा हीटर असतो, म्हणजे तळावर वीज नसेल तर ऊब नाही. हिवाळ्यासाठी डिझेलवर किंवा गॅसवर चालणारा, रात्रभर मंद ठेवता येणारा हीटर हवाच.

डिझेल हीटर डिझेल थोडंच जाळतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. थंडीत बॅटरीची क्षमता कमी होते. जुलैचं तिरकं, मोजकं ऊन छतावरच्या सौर पट्टीतून फारसं काही देत नाही. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली ती चार्ज करायचीही नसते. दिवसभर गाडी चालली असेल तर एक रात्र निभते. एकाच जागी दुसरी रात्र काढली तर पहाटे चारला पंखा बंद पडतो, आणि मुलांचे पाय गार पडले की सगळं घर जागं होतं. म्हणून बिनविजेची रात्र एकच.

विजेच्या जागेवरही हिशेब लागतो. निळ्या गोल पिनची १६ अँपिअरची जोडणी म्हणजे जेमतेम साडेतीन किलोवॉट. दोन किलोवॉटचा हीटर सुरू असताना किटली लावली की फ्यूज उडतो. आमच्याकडे नियम आहे : चहा हवा असेल तर 'हीटर बंद' असं मोठ्याने सांगायचं आणि मगच किटली लावायची. मुलीने ते काम स्वतःकडे घेतलंय.

गॅसची बाटली भरून घेताना भरपूर असू द्या. गॅसमध्ये ब्यूटेनचा भाग असेल तर तो शून्याच्या आसपास वायूरूप घ्यायचं थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. थंड सकाळी बाटली अर्धी असूनही शेगडी मिणमिणते ती बहुधा याच कारणाने. ऊन लागलं की पुन्हा नीट पेटते.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेगडी पेटवून गाडी उबदार करू नका. कधीच नाही. बंद गाडीत जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. गाडीत त्याचा अलार्म आहे का, बटण दाबल्यावर वाजतो का, ते गाडी ताब्यात घेतानाच बघा. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःचा घ्या. छतावरची झडप बोटभर उघडी ठेवा. थंडी येईल म्हणून ती कापड कोंबून बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जाऊन सांगितलं आहे.

झडप उघडी ठेवायचं दुसरंही कारण आहे. पाच माणसांच्या श्वासातून रात्रभरात लिटरभर तरी पाणी हवेत येतं. ते काचांवर आणि गादीच्या खालच्या बाजूला साचतं. सकाळी जुना टॉवेल फिरवून काचा पुसा, गाद्या उभ्या करा. ओले कपडे गाडीत वाळत घालू नका.

पाणी

ट्वायझलला एकदा सकाळी नळाला लावलेली रबरी नळी उचलली तर ती काठीसारखी ताठ. टाकीत पाणी शून्य, पार्कचा नळ गोठलेला, आणि आईचा चहा व्हायचा बाकी. तेव्हापासून हा क्रम ठरलेला आहे : साडेतीनला पोचल्या पोचल्या टाकी भरायची, नळी काढून, झटकून, वेटोळं करून आत ठेवायची. वेगळी दहा लिटरची बाटली बेडखाली, आणि एक थर्मास उकळत्या पाण्याने भरून आईच्या उशाशी. सकाळचा पहिला चहा त्या थर्मासमधल्या पाण्याचा, म्हणजे किटलीला वेळ लागला तरी बिघडत नाही.

सांडपाण्याची टाकी रिकामी असेल तर रात्री गोठायला काही उरत नाही, म्हणून तीही संध्याकाळीच रिकामी करा, अर्थात डंप स्टेशनवरच, म्हणजे सांडपाणी टाकायच्या ठरलेल्या जागी. शौचालयाची पेटी रोज रिकामी करा. पाच माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते, आणि दुसऱ्या दिवशीचं डंप स्टेशन गोठलेलं निघू शकतं. काही गाड्यांत पाणी शून्याच्या जवळ आपोआप सोडून देणारी झडप असते. रात्री हीटर बंद केलात तर ती उघडते आणि पाणी गाडीखाली वाहून जातं. म्हणून हीटर मंद, पण चालू.

गाडी ताब्यात घेताना

मुलांच्या सीटचा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात शेवटी विचारतात, तो सगळ्यात आधी विचारा. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट कायद्याने लागते. ती आडव्या, बाजूला तोंड केलेल्या बाकावर लावता येत नाही. सहा माणसं झोपतील अशा गाडीत चाइल्ड सीटची जागा कधी एकच असते. चालत्या गाडीत कुणी मागे पलंगावर आडवं व्हायचं नाही, आजीने सुद्धा.

साखळ्या, म्हणजे स्नो चेन, मागून घ्या आणि अंगणात एकदा लावून बघा. गाडीची पुढची चाकं ओढतात की मागची, हे विचारून घ्या. साखळ्या ओढणाऱ्या चाकांनाच लावायच्या असतात. अंधारात, बोटं बधिर झालेली असताना शिकायची ही गोष्ट नाही. बरोबर रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली टाकायला एक पोतं.

डिझेलबद्दल : कडक थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर चोंदतो. डोंगराळ भागातल्या काही पंपांवर हिवाळ्यात थंडीला टिकणारं 'अल्पाइन' डिझेल मिळतं. क्राइस्टचर्चची टाकी संपवत टेकापोकडे जा आणि तिथे पोचल्यावर भरा. डिझेल गाडीला किलोमीटरमागे रस्ताकर पडतो, तो भाड्याच्या हिशेबात धरा. कुठल्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू होत नाही, ती यादी करारात असते. ती वाचा.

रस्ता बंद झाला तर

रोज रात्री आठला आणि सकाळी आठला दोन गोष्टी बघायच्या. मेटसर्व्हिस या इथल्या हवामान खात्याचा हिमवृष्टीचा इशारा, आणि वाका कोटाही या सरकारी रस्ते-वाहतूक संस्थेच्या जर्नी प्लॅनर संकेतस्थळावर पुढच्या रस्त्याची स्थिती. जिथे रस्ता बंद होऊ शकतो अशा प्रत्येक टप्प्यासाठी आधीच एक पर्यायी मुक्काम वहीत लिहून ठेवा. आमच्या मार्गावर असे तीन टप्पे आहेत.

डेझर्ट रोड बंद असेल तर टाउपोलाच आणखी एक रात्र. वळसा घालून जाता येतं, पण तेच बर्फ तिकडेही असतं. लिंडिस बंद असेल तर खिंडीच्या अलीकडच्या ओमारामा गावात थांबा. उलटं फिरून किनाऱ्याने लांबचा वळसा घेण्यात दोन दिवस जातात, आणि खिंड बहुधा त्याआधी उघडते. पंधरावी मोकळी रात्र याचसाठी ठेवली होती.

तिसरा टप्पा मिलफर्ड साउंडचा. ते अनाऊहून सुमारे १२० किलोमीटर, वाटेत १९५४ मध्ये सुरू झालेला होमर बोगदा, त्याच्या दोन्ही बाजूंना हिमस्खलनाचा प्रदेश. मे ते नोव्हेंबरात फलक लागला असेल तर साखळ्या बरोबर असणं सक्तीचं. मी स्पष्ट सांगते, तिथे कॅम्परव्हॅन नेऊ नका. ते अनाऊच्या पार्कमध्ये गाडी ठेवा आणि बस-बोटीचं एकत्र तिकीट काढा. त्या रस्त्यावर रोज जाणारा चालक गाडी हाकतो, नवराही खिडकीतून धबधबे बघतो. ते अनाऊला दोन रात्री ठेवल्यात त्या यासाठी.

फेरीचंही असंच. कुक सामुद्रधुनीत लाटा मोठ्या असल्या की जहाज रद्द होतं, म्हणून सकाळचं तिकीट. ते रद्द झालं तर दुपारच्या जहाजाची आशा तरी उरते. जहाजावर चढण्याआधी गॅस बाटलीवरच बंद करायचा. आलं घातलेल्या लिमलेटच्या गोळ्या खिशात ठेवा.

स्वयंपाक

कुकर गाडीत लावू नका. तीन शिट्ट्यांची वाफ गाडीतच राहते आणि रात्रभर काचांवरून गळते. कुकर पार्कच्या स्वयंपाकघरात. आमची पद्धत अशी की विजेच्या रात्री तिथे दुप्पट वरण-भात आणि बटाट्याची सुकी भाजी करायची, अर्धं डब्यात भरायचं. बिनविजेच्या रात्री फक्त गरम करायचं. भाजणीचं पीठ, मेतकूट, तूप, गूळ आणि लसणाची चटणी एवढं असेल तर कुठेही उपाशी राहत नाही. दुपारचं जेवण सकाळीच करून घ्या, थालीपिठं फॉइलमध्ये. दुपारी शेगडी पेटवली की तास जातो, आणि तो तास मुक्कामाच्या उजेडातून कापला जातो.

आईने कोल्हापूरहून एक रबरी शेकायची पिशवी आणली होती, आमच्या घरात आता तशा तीन झाल्या आहेत. झोपण्याआधी दहा मिनिटं पांघरुणात ठेवायची, पायाशी. मुलांना कानटोपी घालूनच झोपवायचं.

टेकापोची पहाट

टेकापोला दोन रात्री ठेवण्याचं कारण आकाश. हा सगळा भाग, आओराकी मॅकेन्झी, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे. रस्त्यावरचे दिवेही झाकलेले, जमिनीकडे तोंड केलेले. एक रात्र ढगांची निघाली तर दुसरी हाताशी असते.

मातारिकी म्हणजे माओरी नववर्ष, आणि ज्या तारकापुंजावरून ते नाव आलं तो म्हणजे आपल्या कृत्तिका. जुलैच्या सुरुवातीला पहाटे सहाच्या सुमारास त्या ईशान्येला दिसतात. गाडीचं तोंड ईशान्येला केलेलं असेल तर पुढच्या सीटवरूनही दिसतील, पण काच गोठलेली असते, म्हणून बाहेर यावंच लागतं. आदल्या रात्री मुलांचे जॅकेट, मोजे आणि बूट पलंगाच्या पायथ्याशी ओळीने लावून ठेवा. अलार्म पावणेसहाचा. थर्मासमधलं दूध-हळद कपात ओतून, मगच त्यांना उठवा.

मृगाच्या बाणाचे तीन तारे आधी शोधायचे. तिथून डावीकडे सरकलं की लालसर रोहिणी, आणखी डावीकडे तो पुसटसा झुबका. आई डोक्यावर शाल घेऊन खडीवर उभी होती. मुलगी शाळेत शिकवलेली माओरी नावं सांगत होती आणि आई प्रत्येक नावाला आपलं नाव देत होती. धाकट्याने विचारलं, 'आजी, हे आपल्याकडचेच तारे आहेत?' आई म्हणाली, 'तेच रे, फक्त उलटे टांगलेत.' मग हात कपाभोवती धरून दोघं बराच वेळ तिथेच उभी राहिली. मी आत जाऊन किटली लावली. हीटर बंद करायला विसरले, आणि फ्यूज उडाला.